बॅटरीची शुश्रूषा

बाथरूमच्या भिंतीवर आधाराच्या दांडीचं एक टोक पक्कं बसलं होतं. दुसऱ्या टोकासाठी अप्पांनी टाइलवर ड्रिल टेकवलं, दाबलं, आणखी जोर लावून दाबलं, आणि भोक निम्म्यावर असताना ड्रिल घुर्र करून गप्प झालं. अप्पांनी खटका पुन्हा दाबून पाहिला. ड्रिल कानाशी धरून पाहिलं. या सगळ्यात दुसऱ्या हातातली दांडी सुटली, एका टोकावर झुलत खाली आली आणि नेमकी त्यांच्या गुडघ्यावर बसली.

घरात एका माणसाचा गुडघा दुखरा होता तेवढं पुरेसं होतं. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्या आज दुपारी दवाखान्यातून सुटणार होत्या. मुलगा आणि लेक त्यांना आणायला गेले होते. लेकीनं जाताना उंबऱ्यातच बजावलं होतं, "दांडी बसलेली असेल तर आई इथे उतरेल. नसेल तर गाडी तशीच पुढे माझ्याकडे. माझ्याकडे दांड्या आहेत, लिफ्ट आहे, सगळं आहे. तीन महिने निवांत राहू दे तिला."

तीन महिने आईंशिवाय घर ही कल्पनाच अप्पांना नको होती. तोंडानं मात्र ते एवढंच म्हणाले होते, "त्यात काय, तासाभराचं काम." कारागीर बोलवू या असं मुलगा म्हणाला, तर त्यांनी त्याला उडवून लावलं होतं. घरात स्वतःचं हत्यार असताना बाहेरचा माणूस कशाला? हे हिरवं बिनवायरीचं ड्रिल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते आलं त्या आठवड्यातच त्यांनी वायरवालं जुनं ड्रिल भंगारात देऊन टाकलं होतं. नव्याबरोबर बॅटऱ्या दोन आल्या होत्या, पण त्यातली एक गेल्या वर्षीच निवर्तली. राहिलेली ही एक. आणि टाइलसाठी लाकडात भोक पाडायचा बिट लावून अप्पांनी सकाळपासून तिच्याकडून जे काही करून घेतलं होतं, त्यानं ती अशी तापली होती की हातात धरवत नव्हती.

त्यांनी ती चार्जरवर चढवली. चार्जरचा दिवा एरवी शहाण्यासारखा लाल राहायचा. आज तो लाल, पिवळा, लाल, पिवळा असा लुकलुकायला लागला. अप्पांनी हत्यारांच्या दुकानदाराला फोन लावला. दुकान बंद होतं आणि दुकानदार कुठल्याशा समारंभात जेवणाच्या रांगेत उभा होता, तरी बिचाऱ्यानं फोन उचलला.

"तापलीय ती. चार्जर तापलेली बॅटरी घेत नाही. गार होऊ द्या, मग लावा," तो म्हणाला.

गार होऊ द्यायला अप्पांकडे वेळ कुठे होता? त्यांनी बॅटरी एका डब्यात घातली आणि फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीमागे सारली. सूनबाईला सांगायचं त्यांनी टाळलं. मागे त्यांनी फ्रीजमध्ये ग्रीसचा डबा ठेवला होता, त्यावरून घरात बरंच काही घडून गेलं होतं. मग ते शेजारच्या मास्तरांकडे गेले, कारण मास्तरांकडेही ड्रिल होतं.

मास्तरांचं ड्रिल पिवळं. हिरवं चांगलं की पिवळं, यावर दोघांचा कित्येक वर्षं जिन्यात वाद चालत आला होता, त्यामुळे ते दार वाजवणं अप्पांना किती जड गेलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मास्तरांनी मात्र टोमणा एकच मारला. "शेवटी पिवळ्याच्याच दारात आलात," म्हणाले आणि शोधाशोधीला लागले. कपाट झालं, माळा झाला, पलंगाखालचं झालं. बराच वेळ गेल्यावर त्यांना आठवलं की ड्रिल जावई घेऊन गेलाय. घरी होती ती फक्त ड्रिलची जास्तीची बॅटरी.

इकडे सूनबाई अप्पांच्या गुडघ्याला लावायला बर्फ काढायला गेली, तर मटारामागे तिला डब्यातली बॅटरी सापडली.  तिला भरून आलं. आई दवाखान्यात गेल्यापासून अप्पा दोन दोनदा दार लावायचे, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे. आता बॅटरी फ्रीझरमध्ये. बोललं तर त्यांना लागेल, असा विचार करून तिनं गुपचूप ती पुसली आणि चार्जरवर लावली. लाल, पिवळा, लाल, पिवळा. तिनंही आपल्या फोनवरून दुकानदाराला विचारलं. आता तो जेवायला बसला होता.

"गार पडली असेल. गारठलेली बॅटरीही चार्जर घेत नाही. जरा ऊब मिळू द्या," तो म्हणाला. हे दोन्ही फोन एकाच घरातले आहेत हे त्याला कुठून कळणार? आणि दोन्ही वेळा तो अगदी खरं बोलत होता. बॅटरी तापो नाहीतर गारठो, चार्जर बापडा एकच खूण करायचा.

सूनबाईनं बॅटरी बाल्कनीच्या कठड्यावर भर उन्हात ठेवली आणि ती आईंची खोली आवरायला गेली.

मास्तरांकडून अप्पा परतले ते सरळ फ्रीझरकडे. डबा रिकामा. शोधता शोधता ते बाल्कनीत आले, तर धुतलेल्या टॉवेलांच्या शेजारी बॅटरी वाळत पडलेली. हात लावला तर चटका बसला. अप्पांचा जीव कळवळला. पोर आठवडाभर घर आणि दवाखाना करतेय, झोप नाही, धड जेवण नाही. कपड्यांबरोबर बॅटरी वाळत घातली तर तिचा काय दोष? तिला हे कळता कामा नये. त्यांनी बॅटरी चार्जरवर लावून पाहिली. लाल, पिवळा. तेव्हा त्यांनी ती पुन्हा फ्रीझरमध्ये घातली, या वेळी मटाराच्या खाली, अगदी तळाशी.

थोड्या वेळानं सूनबाई बाल्कनीत गेली, कठडा रिकामा दिसला आणि ती तशीच फ्रीझरकडे आली. मटार उचलल्यावर तिनं मोठा सुस्कारा सोडला. अप्पांना डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आता उन्हावर विसंबून चालणार नव्हतं. तिनं बेडरूमचं दार लावून घेतलं आणि केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत बॅटरीवर धरला. बारा वाजले, एक वाजला. बॅटरी कधी हिवानं काकडायची, कधी तापानं फणफणायची. कुणी ना कुणी हळूच येऊन तिला चार्जरवर टेकवून बघायचं, दिवा लुकलुकायचा आणि तिची रवानगी पुन्हा दुसऱ्या टोकाला व्हायची. अप्पा आणि सूनबाई समोरासमोर आले की एकमेकांकडे फार मायेनं पाहायचे.

"तू जरा पड गं," अप्पा म्हणायचे.

"तुम्हीच बसा अप्पा जरा," ती म्हणायची.

मधेच मास्तर आपली पिवळी बॅटरी घेऊन आले. हिरव्या ड्रिलला ती बसेना. दोन्हीकडचे खाचखळगे निराळे. मास्तरांचं म्हणणं, एवढा प्लॅस्टिकचा कोपरा कानशीनं घासला की झालं. अप्पा म्हणाले, घासायचाच तर तुमच्या बॅटरीचा घासू. मास्तर म्हणाले, छे, तुमच्या ड्रिलचा. कुणाच्या हत्यारावर कानस चालवायची याचा निकाल लागला नाही आणि तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं.

आई वॉकर टेकत टेकत आत आल्या, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला लेक. आईंनी दारातच थांबून घर डोळे भरून पाहिलं. लेक मात्र चपला न काढता बाथरूममध्ये गेली. दांडी लंबकासारखी लोंबत होती. तिनं बोट लावलं, तर ती टाइलवर टण्ण वाजली.

"अप्पा, हे काय आहे?"

"बसतेच आहे आता. बॅटरी तेवढी लावायचीय."

"कुठेय बॅटरी?"

"फ्रीझरमध्ये," अप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या खोलीत आहे," त्याच वेळी सूनबाई म्हणाली.

अप्पा सूनबाईकडे वळले.

"म्हणजे तू ती काढत होतीस?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम ठेवत होता? मला वाटलं, आईंच्या काळजीनं तुमचं..." सूनबाईनं वाक्य गिळलं.

"आणि मला वाटलं जागरणानं तुझं," अप्पा म्हणाले.

लेकीनं वॉकर उचलला. "झालं. आई, चल. गाडी अजून खालीच आहे."

आई तोवर खुर्चीत टेकल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. सूनबाईनं आणून दिलेली बॅटरी त्यांनी पालथी केली, उलथी केली आणि हसू लागल्या. हसताना गुडघा हलून टाके ओढत होते तरी त्यांना थांबवेना.

"माझंही असंच चाललं होतं तिथे," त्या म्हणाल्या. "एक नर्स यायची, आजी उकडत असेल, म्हणून पंखा फुल करायची. ती गेली की दुसरी यायची, आजी गारठल्या, म्हणून दोन ब्लँकेटं. दोघी गुणाच्या. मला कुणी विचारलं नाही. शेवटी मी झोपल्याचं सोंग घेतलं, तेव्हा कुठे आराम पडला. ठेवा हिला इथे टेबलावर आणि कुणी हात लावू नका."

"पण आई, दांडी..." लेक म्हणाली.

"चहा घेऊ आधी. दवाखान्यातल्याला चहा म्हणवत नाही."

आईंसमोर बॅटरी टेबलावर पडून राहिली. अप्पांचा हात दोनदा पुढे झाला, दोनदा आईंनी नुसतं पाहिलं. मास्तरही चहाला थांबले. एक कप झाला, गप्पा झाल्या, दुसरा कप झाला. मग आईंनी बॅटरीवर पालथा हात ठेवला, बाळाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाल्या, "लावा आता."

दिवा लाल झाला आणि लालच राहिला.  अप्पांनी घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला.

चार वाजेपर्यंत दांडी बसली. बिट टाइलचाच हवा हे मास्तरांनी दाखवून दिलं आणि तोही पिवळ्या पेटीतून काढून दिला, त्यामुळे तो वाद आणखी काही वर्षं पुरेल. लेकीनं दांडीला धरून झोका दिला, सगळं वजन टाकून पाहिलं. दांडी हलली नाही. तिला वाईट वाटलं असावं. ती बाहेर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "ठीक आहे. मग मीच राहते इथे."

ती खाली जाऊन गाडीतून बॅग घेऊन आली. बॅग भरलेली होती. म्हणजे काहीही झालं तरी आईपासून हलायचं नाही हे तिनं सकाळीच ठरवून टाकलं होतं. "आईजवळ मी झोपेन," ती म्हणाली. "अप्पा, तुम्ही हॉलमधल्या सोफ्यावर."

अप्पांनी आतून आपली उशी आणली. दिवसभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते माणूस घरी आलं होतं आणि त्यांची जागा गेली होती. उशी काखेत धरून ते आईंच्या खुर्चीपाशी थांबले आणि लेकीला म्हणाले, "तुझ्याकडे लिफ्ट आहे, दांड्या आहेत. आता तुझी खोलीही रिकामी असेल. मीच जातो तिकडे तीन महिने."

"खबरदार," आई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी काय त्या दांडीसाठी घरी आले?"

अप्पांनी उशी सोफ्यावर ठेवली. ज्या टोकाला डोकं केलं की आईंच्या खोलीचं दार दिसतं, त्या टोकाला.