मावशींच्या कंबरेची मोहीम

शिलाई कारखान्यातील समस्त मंडळींनी पुसिले की, आमच्या मावशींनी अपंगत्वाचे वेतन कैसे सर केले ते साद्यंत कळवावे, आमच्याही कंबरा कुरकुरू लागल्या आहेत. त्यावरून जैसे घडले तैसे लिहिले असे.

मावशींनी तेवीस वर्षे काजे-बटणांच्या यंत्रावर ठाण मांडून कंबर खर्ची घातली. मग ती ऐसी रुसली की वीस मिनिटांवर बसवेना, आणि कारखान्याने नारळ दिला, आणि डॉक्टरांनी दाखला दिला, आणि मावशींनी अर्ज गुदरला. वेतन मिळते तर घर चालते, न मिळते तर पुन्हा तेच स्टूल. अर्ज फेटाळला. मग अपील घेऊन मावशी दुसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरच्या खोलीत, श्रीमंत न्यायाधीशसाहेबांवर चालून गेल्या.

पहिले तारखेस मावशी व्हरांड्यातील बाकावर कण्हत बसल्या. साहेबांनी शेरा फर्माविला की, ज्याअर्थी बाई बसल्या, त्याअर्थी बाईंस बसता येते. दुसरे तारखेस मावशी भिंत धरून दोन तास उभ्या राहिल्या. शेरा जाहला की, बाईंनी उभ्याने करावयाची नोकरी पाहावी. मावशी जिन्यात रडल्या. मोहिमेच्या हकिकतीत ऐसे लिहिण्याचा प्रघात नाही, परंतु रडल्या.

तेव्हां थोरल्या जाऊबाई मसलतीस बसल्या. त्यांची हयात दुसऱ्या एका कचेरीत नकला उतरविण्यात गेली होती, आणि त्यांस ठाऊक की सुनावणी का तहकूब जाहली याचे कारण रोजनाम्यात लिहावेच लागते. दुसरे तारखेनंतरच्या तीन तारखा वाया का गेल्या, म्हणोन त्यांनी रोजनाम्याची नक्कल काढली. रोजनामा लिहिणारा पेशकार नवा, भाबडा, खरे तेच लिहिणारा. तिन्ही ठिकाणी त्याने सुवाच्य अक्षरात नोंदिले होते की, साहेबांची कंबर धरल्यामुळे वीस मिनिटांत कामकाज तहकूब.

अखेरचे तारखेस जाऊबाईंनी नक्कल मेजावर ठेविली. साहेबांनी वाचिली, पाठीमागील उशी सरकविली आणि पुन्हा वाचिली. पेशकार पंख्याकडे पाहू लागला. सरकारी वकिलांनी अर्ज केला की, साहेबांची कंबर निराळी आणि बाईंची निराळी. साहेबांनी पुसिले, कोणत्या बाबतीत? वकील नामोहरम होऊन कागद चाळू लागले.

मग हुकूम जाहला की, वेतन मंजूर, मात्र बाईंनी दरसाल हजर होऊन कंबर अद्याप गेलेलीच असल्याची खातरी पटवावी. मावशींनी हुकूम भिंत धरूनच ऐकिला. साहेब उठू लागले आणि अर्ध्यातच अडकले. मावशींस त्यांची कीव आली.

"साहेब, उशीनं काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पाठीला फळी लावा. आणि मधून मधून उठत जा, लाजू नका."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन दप्तरी दाखल जाहली. मावशींचा सल्ला तेवढा रोजनाम्यात नाही. काय लिहू नये, ते पेशकारास एव्हाना समजले होते.