तळ्याकाठी सत्तेचाळीस नंबर

"जागा यंदा आमचे हे शोधतील," असं बायको फोनवर धाकट्या बहिणीला म्हणाली आणि पलीकडे ओट्याशी बटाटे सोलत असलेल्या अलगदरावांचा हात जागच्या जागी थांबला. खुणेनेच त्यांनी 'नको, नको' केलं, पण तोवर बायकोने फोन ठेवलाही होता.

अलगदराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शहराच्या बसडेपोत त्यांची सारी नोकरी सत्तेचाळीस नंबरच्या स्टेअरिंगवर गेली. ब्रेक असा दाबायचे की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. म्हणून डेपोने हे नाव दिलं आणि निवृत्त झाल्यावर निरोपाच्या हारासोबत ते घरीही आलं.

सुट्टीचा बेत दरवर्षी साडू ठरवायचे. साडू विमा कंपनीत अधिकारी. जगात कुठे काय बिघडू शकतं हे त्यांना तोंडपाठ होतं आणि ते सांगायला ते कधी थकत नसत. त्यांनी जागा निवडायची आणि अलगदरावांनी सगळ्यांना तिथे नेऊन पोचवायचं, अशी वाटणी झाली होती. गेल्या वर्षी जेवताना ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अलगदरावांना स्टेअरिंग द्या की झालं. डोकं लावायचं खातं माझ्याकडे." सगळे हसले होते, अलगदरावही हसले होते. बायको तेवढी हसली नव्हती. तिने ते वाक्य वर्षभर जपून ठेवलं होतं आणि आज फोनवर त्याची परतफेड करून टाकली होती. आता जागा फसली तर नाक दोघांचंही कापलं जाणार होतं आणि डोक्याचं खातं कायमचं साडूंच्या नावावर होणार होतं.

अलगदराव कामाला लागले. चष्मा पुसून, फोन नाकाला लावून त्यांनी तळ्याकाठच्या आणि जंगलातल्या तंबूच्या जागा बघायचा सपाटा लावला. जिथे कॅराव्हॅनही उभी करता येते अशा जागा त्यांनी वेगळ्या काढल्या. लोकांचे अभिप्राय वाचून तर त्यांची करमणूकच व्हायची. एकाने जंगलावर रागावून लिहिलं होतं की झाडं फार आहेत. एका बाईंनी तळ्याला एकच तारा दिला होता, कारण पाणी गार होतं. अलगदराव स्वतः मात्र फोटो बघायचे ते फक्त वळणांचे. गाडी आत शिरेल का, फिरेल का, मागे घेताना फांदी लागेल का. देखावा कितीही सुंदर असो, वळण अरुंद दिसलं की जागा बाद.

शेवटी एक सापडली. उंच झाडांचं जंगल, मधे निळंशार तळं, काठाला उतरतं हिरवं मैदान आणि आत जायला ऐसपैस वळण. इतकं सुरेख वळण की त्यांनी तो फोटो शेजाऱ्यांना, वाण्याला आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातलेला असतानाही ते वळणाबद्दलच बोलत होते. बायकोने बहिणीला कळवलं, बहिणीने साडूंना. साडूंनी "बघू" एवढंच म्हटलं आणि खबरदारी म्हणून त्याच ठिकाणी स्वतःच्या तंबूपुरती एक जागा गुपचूप राखून ठेवली.

आणि इथेच अलगदरावांची चूक झाली. त्यांनी जागा शोधली, निवडली, जगाला दाखवली. राखून ठेवली नाही. असं काही करायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सत्तेचाळीस नंबरमध्ये कुणी आगाऊ जागा राखली होती का? माणूस स्टॉपवर येतो, बस येते, जागा मिळाली तर बसतो, नाही मिळाली तर दांडी धरतो. कुठे जायचं ते ठरलं की प्रवास ठरला, अशी त्यांची साधी समजूत होती.

शनिवारी भाड्याची कॅराव्हॅन ताब्यात घेताना ती समजूत फुटली. गाडीवाल्याने किल्ली देता देता सहज विचारलं, कुठल्या जागेचं बुकिंग आहे. अलगदरावांनी तळ्याचं नाव सांगितलं. "नशीबवान आहात," तो म्हणाला. "शनिवारी तिथे बुकिंगशिवाय पाय ठेवायला जागा मिळत नाही."

अलगदरावांनी मागे वळून पाहिलं. बायको मागे गादीवर चादर घालत होती, तिने ऐकलं की नाही कळेना. सांगावं तर आत्ताच सांगावं असं त्यांना वाटलं. पण ती इतक्या हौसेने उशांना अभ्रे चढवत होती की त्यांनी मूग गिळले. त्यांनी गाडी सुरू केली आणि वाटेत एखादं चाक पंक्चर व्हावं अशी मनोमन इच्छा धरली. चाकं नवी कोरी होती.

शहर मागे पडल्यावर ती विचारतीच झाली. "अहो, बुकिंगचा नंबर कुठाय? गेटवर मागतील."

"फोनमध्ये असेल बघ," ते म्हणाले आणि समोरच्या रस्त्याकडे असे बघत राहिले की जणू तो पहिल्यांदाच दिसतोय. ती फोन घेऊन बसली. बराच वेळ बसली. काहीच बोलली नाही. ही शांतता अलगदरावांना चांगलीच ठाऊक होती. एक तर तिला झोप लागली असावी, नाहीतर आपलं आता काही खरं नाही.

या काळजीत डोकं अडकलं आणि गाडी पायांच्या ताब्यात गेली. पायांनी आयुष्यभर केलं तेच केलं. रस्त्याकडेला बसचा स्टॉप दिसला, त्याखाली एक म्हातारी दिसली. गाडी कडेला आली, अलगद थांबली, हाताने बटण दाबलं आणि कॅराव्हॅनचं दार उघडून पायरी खाली आली. म्हातारी हातातल्या कुंडीसकट वर चढली आणि खिडकीजवळच्या कोचावर बसूनही गेली.

"आज बरी गाडी लावलीय," ती गादी चाचपत म्हणाली. "नेहमीची बंद पडली म्हणतात सकाळपासून."

अलगदरावांनी कानाला हात लावला. ही बस नाही आजी, चुकून थांबलो, वगैरे बरंच काही ते बोलले. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि तळ्यापलीकडच्या गावात उतरायचंय असं सांगितलं. चढलेल्या माणसाला मधेच उतरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. निघाले.

पुढचा स्टॉप दिसताच त्यांनी मुद्दाम गाडी मधल्या लेनमध्ये घेतली. आता थांबायचं नाही, म्हणजे नाही. तर मागून बायकोचा आवाज आला.

"अहो, तिथे माणूस उभा आहे."

"असू दे. मी रिटायर झालोय."

"बस बंद आहे ना पण. थांबा म्हणते मी."

थांबले. एक केस कापणारा चढला. हातात त्याच्या धंद्याची पेटी होती. गावातल्या एका आजारी गिऱ्हाइकाकडे घरी जायचं होतं म्हणे. बायकोने त्याला स्वतः हात देऊन वर घेतलं आणि बसायला खुर्ची उलगडली. आपली बायको एवढी परोपकारी कधी झाली, ते अलगदरावांना उमगेना. तिसऱ्या स्टॉपला तर तिने मागून काचेवर टकटक केली. तिथे दोन बहिणी एक गुंडाळलेला गालिचा दोन टोकांना धरून उभ्या होत्या. त्यांचं आपसात बोलणं बंद होतं, पण गालिचा एकीला उचलत नव्हता. एक म्हणाली, "काका, हिला सांगा, तुझं टोक आधी चढव." दुसरी म्हणाली, "काका, हिला सांगा, मला कळतं." काकांनी दोन्ही निरोप पोचते केले. गालिचा आत आला, तो गॅसच्या शेगडीपासून थेट पलंगापर्यंत आडवा झाला.

"पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा रिकामी आहे," बायको म्हणाली. इतकी सराईत म्हणाली की अलगदरावांनी दचकून आरशात पाहिलं. ती फोनवर बहिणीला काहीतरी लिहीत होती.

दुपार कलता कलता जंगल लागलं आणि ते सुरेख वळण आलं. फोटोतल्यापेक्षाही सुरेख होतं, पण अलगदरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. फाटकाशी वनरक्षक उभा होता आणि त्याच्या शेजारी, हात पाठीमागे बांधून, साडू. मेव्हणीही होती, जरा अवघडून.

"जागा शिल्लक नाही, साहेब," वनरक्षक म्हणाला. "सगळ्या बुक आहेत. तुमचं बुकिंग?"

अलगदरावांनी मान खाली घातली. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत नव्हती.

"मला वाटलंच होतं," साडू हळहळल्यासारखं करत म्हणाले. "म्हणून मी माझी करून ठेवली. काळजी करू नका. गाडी बाहेर रस्त्यावर लावा, दोघं आमच्या तंबूत झोपा. जरा संडासाजवळ आहे, पण जागा आहे. डोकं लावावं लागतं हो याला."

मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते अलगदरावांना त्या क्षणी कळलं. स्वतःचं काही नाही, पण ज्या बायकोने आपल्या भरवशावर शब्द दिला होता, ती मागे बसून हे सगळं ऐकत होती.

तेवढ्यात कॅराव्हॅनचं दार उघडलं आणि बायको पायरीवर उभी राहिली.

"काठावरचं मैदान मोकळं दिसतंय," ती वनरक्षकाला म्हणाली.

"ते ग्रुपसाठी आहे, बाई. सात माणसं असली तरच देतो. त्याला बुकिंग लागत नाही, जो आधी येईल त्याचं. पण तुम्ही तर दोघं..." वनरक्षकाचं बोलणं तिथेच थांबलं, कारण बायकोच्या मागून कुंडी आली, कुंडीमागून म्हातारी, मग केस कापणारा, मग गालिच्याचं एक टोक आणि बऱ्याच वेळाने दुसरं.

वनरक्षकाने बोटांवर मोजलं. "सहा होतायत."

बायकोने आपल्या बहिणीकडे नुसतं पाहिलं. बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं, मग संडासांच्या दिशेने पाहिलं, पर्स खांद्यावर नीट केली आणि दोन पावलं टाकून पायरीवर चढली. "सात," ती म्हणाली. "तुम्ही तंबू सांभाळा हं. बुकिंग आहे आपलं, वाया नको जायला."

"हे सगळे तुमच्याबरोबरचे?" वनरक्षकाने विचारलं.

"माझ्या गाडीतले आहेत," अलगदराव म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

"शेकोटी पेटेपर्यंत सगळे थांबायला हवेत, असा नियम आहे. मग कोण कुठे झोपतं ते मी बघत नाही."

आमचं गाव पायवाटेने हाकेवर आहे, घरी जाऊन तरी कुणाचं तोंड बघायचंय, असं म्हातारीने सांगितलं. केस कापणाऱ्याने गिऱ्हाइकाला फोन केला. गिऱ्हाईक म्हणालं, डोकं उद्याही इथेच असेल. गालिच्यावाल्या बहिणींपैकी एक थांबायला तयार होती, आणि एकटीने गालिचा नेणं दुसरीला शक्य नव्हतं.

"ग्रुपचं नाव?" वनरक्षकाने विचारलं.

अलगदरावांच्या तोंडून आपोआप निघालं, "सत्तेचाळीस."

आणि सत्तेचाळीस नंबरने ते ऐसपैस वळण असं काही घेतलं की आत टेबलावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही हललं नाही. गाडी मैदानातून उतरत थेट काठाशी गेली आणि पाण्यापासून चार हातांवर अलगद थांबली. पलीकडे झाडांत दाटीवाटीने बसलेले तंबूवाले उठून उभे राहून बघत होते. आख्खं तळं आता यांचं होतं.

मग काय विचारता. गवतावर गालिचा अंथरला गेला. तो अंथरताना बहिणींना एकमेकींशी चार शब्द बोलावे लागले आणि ते चार शब्द संध्याकाळपर्यंत थांबलेच नाहीत. केस कापणाऱ्याने हात शिवशिवतात म्हणून अलगदरावांचे केस तळ्याकाठी बसवून कापले. म्हातारी पाय पाण्यात सोडून बसली होती. इतकी वर्षं पलीकडे राहून आपण इथे कधी बसलोच नव्हतो, असं ती सगळ्यांना सांगत होती. मेव्हणी बटाटे भाजत होती आणि सारखी हसत होती.

साडू एकटेच आपल्या राखीव जागेत बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना संडासाची वाट विचारत होता. ऊन उतरेपर्यंत त्यांनी सगळ्यांना न चिडता दिशा दाखवली. मग एका मुलीने त्यांच्याकडे साबण मागितला, तेव्हा त्यांचा धीर सुटला. तंबू खांद्यावर टाकून ते मैदानात आले आणि गालिच्याच्या कडेशी उभे राहिले.

"अलगदराव," ते म्हणाले, "इथे एक तंबू मावेल का?"

अलगदरावांनी त्यांना मनासारखं काहीतरी ऐकवायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळ फार छान होती. "मागे जागा रिकामी आहे," ते म्हणाले आणि तंबूचा खुंटा ठोकायला स्वतःच उठले.

शेकोटी पेटली. साडूंनी दोन बटाटे खाल्ले, तळ्याकडे पाहिलं आणि कुणी न विचारता कबूल केलं की इतकी नामी जागा त्यांना आजवर एकदाही सापडली नव्हती. पुढच्या वर्षीपासून हे खातं तुमच्याकडेच, असंही म्हणाले. बायको ऐकत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की अलगदरावांना राहवेना. ते तिच्याजवळ सरकले.

"अगं, एक सांगायचंय," ते कुजबुजले. "मी बुकिंग केलंच नव्हतं."

"माहितीय."

"केव्हापासून?"

"तुम्ही म्हणालात ना, फोनमध्ये बघ. बघितलं. फोनमध्ये नुसती वळणं होती." तिने काठीने एक निखारा सारखा केला. "तुमच्या त्या वळणाच्या फोटोखालीच मैदानाचा नियम लिहिलाय. तेवढ्यात तुम्ही आजींना घेतलंत."

अलगदरावांच्या डोक्यात एकेक स्टॉप फिरून आला. काचेवरची टकटक, उलगडलेली खुर्ची, बहिणीला पाठवलेले निरोप.

"म्हणजे ही सगळी माणसं तू... मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थांबला असतात का? म्हणाला असतात, खोटा ग्रुप नको. एकालाही वर घेतलं नसतंत."

ते खरं होतं. गाडी आपण चालवतो, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं; स्टेअरिंग खरं कुणाच्या हातात आहे ते आज कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि उरलेला सगळ्यांत मोठा बटाटा त्यांनी तिच्या ताटलीत ठेवला.

"साडूंना सांगायचं का हे?" त्यांनी विचारलं.

"काही गरज नाही," बायको म्हणाली आणि बटाटा सोलायला घेतला. "जागा यांनीच शोधली."