जहाज की कपार?

केडगावातल्या आमच्या कॉलनीत समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली बाई एकही नाही. पहिली मीच असणार होते, आणि ही बातमी मी दूधवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना देऊन ठेवली होती. पोहायला मी सातव्या वर्षी शिकले, माहेरच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. आता पन्नाशीत माझ्या लेकीने, निकिताने, पुण्याच्या तरणतलावात पाठीला हवेची टाकी बांधून दिली. डब्याचीच थोरली बहीण म्हणायची. आठ दिवसांत मी पास झाले.

मग शिकवणाऱ्या अझीम सरांचा मोबाईलवर निरोप आला. 'बेटावर दोन बुड्या मिळतील. पहिली सरावाची. दुसरी तुम्ही निवडा : बुडालेलं जहाज की समुद्रातली गुहा. नवख्यांनी जहाज बाहेरून बघायचं आणि गुहेत उजेड असेल तिथपर्यंतच जायचं. सोमवारपर्यंत कळवा.'

मी निरोप नवऱ्याला वाचून दाखवला. ह्यांचं नाव राधाकृष्ण. दूध संघातून निवृत्त.

"तुला आवडेल ते निवड की," हे म्हणाले, आणि डाळिंब सोलून वाटी माझ्यापुढे ठेवली.

संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. तो मला ह्या डाळिंबाने शिकवला. मी लोणच्याची बरणी दुसऱ्या फळीवर ठेवली तरी हा माणूस दोन दिवस चौकशी करतो. आणि बायको समुद्राच्या तळाशी निघाली, तर 'आवडेल ते निवड'? त्यात हे रोज संध्याकाळी गॅलरीचं दार लोटून फोनवर बोलायचे. "हो सर. बरं सर. तिला कळू देऊ नका सर," एवढं कानावर यायचं. मी गेले की फोन बंद आणि चेहरा देवघरातल्या नंदीसारखा.

शनिवारी आम्ही संगमनेरकडच्या आमच्या गावी शेतावर गेलो. तिथे धाकटे दीर कानिफनाथ असतात. आणि तिथे आमची विहीर आहे. मला वाटलं, निवड घरी बसून कशाला करायची? आमच्या विहिरीत दोन्ही सोयी आहेत. दोन वर्षांपूर्वी पाण्याची मोटर दोर तुटून तळाशी गेली, असं भाऊजींनी कळवलं होतं. ते झालं जहाज. आणि पाण्याला लागून खडकात एक खोल कपार आहे. आत बसलं तर डोकं पाण्याबाहेर राहतं, पण वरून कुणाला दिसत नाही. ती झाली गुहा. दोन्हीकडे जाऊन बघायचं, जीव जिथे रमेल ते सोमवारी कळवायचं.

शिवाय त्या मोटरीबद्दल माझ्या मनात जरा शंका होतीच.

एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. पण विहीर म्हणजे काय पाणी असतं का, अशी मी स्वतःची समजूत घातली. हे भाऊजींबरोबर गोठ्यात होते. मी साडीखाली काळा रबरी सूट घालूनच आले होते. काठावर साडी घडी करून ठेवली. विहिरीत चपला घालून उतरत नाहीत, पाणी देव आहे, म्हणून चपला काढून शेजारी जोडून ठेवल्या. मंगळसूत्र पाण्यात निसटायला नको, म्हणून ते डाव्या चपलेत ठेवलं. पाण्याला नमस्कार केला, डोळ्यांवर काचेचा मास्क चढवला आणि बुडी मारली.

तळ चाचपला. एक बादली सापडली, एक विळा सापडला. मोटर नाही. तीनदा गेले, चारी कोपरे बघितले. मोटर नाहीच. मग धाप लागली म्हणून कपारीत जाऊन बसले आणि भाऊजींचा विचार करू लागले.

तेवढ्यात वरून रतनबाईंचा आवाज आला. ह्या शेजारच्या वावरातल्या, शेळी चारायला आलेल्या.

"अगं बया, चपला! मंगळसूत्र बी काढून ठिवलंय! धावा रं कुनीतरी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरीच्या काठी बाईच्या जोडून ठेवलेल्या चपला आणि वर मंगळसूत्र. आमच्या भागात ह्याचा अर्थ लहान पोरालाही विचारावा लागत नाही. ताबडतोब ओरडायला हवं होतं. पण त्या रबरी अवतारात गावासमोर कसं यायचं, ह्या विचारात मी थोडा वेळ घालवला, आणि तेवढ्यात वर वीसेक माणसं जमली.

"भाऊ, खरं सांगा," रतनबाई ह्यांना विचारत होत्या. "काय बोलला हुता तिला?"

"काही नाही हो. डाळिंब सोलून दिलं."

"डाळिंबापायी कुनी हीर जवळ करतं व्हय?"

मग हे बोलू लागले. विहिरीत वरचा शब्द असा घुमतो की कपारीत बसून भाषण ऐकल्यासारखं वाटतं.

"मीच त्या सरांना फोन केला हुता. म्हनलं, हिला दमा हाय, घरी लपवती. हिला बोटीतच बसवा, पान्यात सोडू नका. तिला कळलं वाटतं." एरवी शुद्ध बोलणारा माणूस गावाच्या बोलीवर आला होता. "मला पवता येत न्हाई. ती खाली गेली तर मी वर बसून काय करायचं? म्हनून खोटं बोललो."

"म्हंजी तुमीच ढकलली म्हना की तिला," रतनबाई म्हणाल्या.

मला राग आला. पण खरं सांगते, हलावंसंही वाटेना. लग्नाच्या तीस वर्षांत हा माणूस इतकं सलग बोललाच नव्हता.

तेवढ्यात भाऊजींनी बादल्या काढायचा लोखंडी गळ पाण्यात सोडला. तो माझ्या गुडघ्याजवळून गेला. आता बोलणं भाग होतं.

"अहो," मी कपारीतून म्हणाले, "मला दमा नाही."

पायऱ्यांवर बुटांचा आवाज झाला. मी मास्कसकट डोकं बाहेर काढलं. काळं अंग, कपाळापासून नाकापर्यंत काच.

"आसरा! हिरीतली आसरा वर आली!" म्हणत रतनबाईंनी त्या जलदेवतेपुढे लोटांगण घातलं. "माऊली, नारळ दीन, खन दीन, आमच्या शेळीला हात लावू नको."

"आसरा न्हाई," जवळूनच आवाज आला. "आमची हीच हाय."

मी वळून पाहिलं. गुरांच्या डोणीत पाणी भरलं तरी दोन हात लांब उभे राहणारे हे, पँटीसकट, बुटांसकट, विहिरीच्या पायऱ्यांवर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. एका हाताने कपारीचा दगड घट्ट धरलेला. दुसरा माझ्याकडे पुढे केलेला.

मी तो हात धरला. वर आल्यावर फक्त दोन कामं केली. फोन ह्यांच्या हातात दिला. सगळ्या गावासमोर ह्यांनी अझीम सरांना खरं सांगितलं, आणि सरांनी डॉक्टरचा दाखला मागितला. मग मी गळाचा दोर गुंडाळणाऱ्या दिरांकडे वळले.

"भाऊजी, मोटर नाही हो खाली."

"गाळात गेली आसंल, वैनी," ते म्हणाले आणि दोर पुन्हा पहिल्यापासून गुंडाळू लागले.

सोमवारी दाखला पाठवला आणि खाली लिहिलं : जहाज. कपारीत बसून काय काय ऐकावं लागतं, ते मला कळलं होतं.

बेटावर बोटीत हे जीवरक्षक जाकीट घालून बसले. मी चपला काढल्या, तर ह्यांनी त्या लगेच उचलून मांडीवर घेतल्या, लोकांचा गैरसमज नको म्हणून. मंगळसूत्र शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात दाबून धरला. मी अझीम सरांबरोबर खाली गेले. साखर कारखान्याच्या आवारात जुना बॉयलर पडलेला असावा, तसं ते जहाज पडलं होतं, आणि त्याच्या अंगाखांद्यावरून पिवळे मासे फिरत होते. मास्कमध्ये डोळे भरून आले. पुसता येत नाहीत, ही एक अडचण आहे तिथे.

वर आले. ह्यांनी हात देऊन बोटीत घेतलं, चपला पुढे केल्या, टॉवेल दिला. इकडेतिकडे बघून कानाशी आले.

"आपली मोटर दिसली का गं तिथं?"

मी ह्यांना वेड्यात काढलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं, मासे बघायच्या आधी मी तेच बघून आले होते.