गायकरसाहेबांचा गुप्त पिन

"सगळ्यांनी पाठ फिरवा," बाळाजी गायकर म्हणाले.

दिवेआगरातल्या दिनानाथच्या ओटीवर त्या वेळी त्यांच्याखेरीज तीनच माणसं होती. घरमालक दिनानाथनं निमूटपणे वाडीकडे तोंड केलं. त्याची बायको सोनूबाई आमसुलं निवडत होती, ती सुपासकट वळून बसली. आणि बाळाजींच्या पत्नी सुचिताबाई सवयीनं पोफळी मोजू लागल्या. एकतीस वर्षं बँकेत नोकरी केलेल्या माणसाशी संसार केला की पाठ कधी फिरवायची हे शिकवावं लागत नाही.

बाळाजी ठाण्याच्या एका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. मोबाईलवरून पैसे देणं म्हणजे भर बाजारात पाकीट उलटं करणं, असं त्यांचं मत होतं. कार्ड मात्र त्यांना मान्य होतं, कारण कार्डाला पिन असतो. तो पिन त्यांनी कुठे लिहिला नव्हता, कुणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही. दोन दिवसांच्या मुक्कामात दिनानाथला पिनाविषयी त्यांची दोन व्याख्यानं ऐकून झाली होती, एक सोलकढीबरोबर आणि एक माशांच्या आमटीबरोबर.

दिनानाथला व्याख्यानांचं काही वाटलं नाही, उलट तो खूश होता. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी त्यानं पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. गेल्या वर्षी तीन गिऱ्हाइकं केवळ कार्डाचं मशीन नाही म्हणून शेजारच्या घरी गेली. म्हणून यंदा त्यानं मशीन आणलं, दसऱ्याला त्याची पूजाही झाली, आणि तेव्हापासून ते गिऱ्हाइकाची वाट बघत कपाटात बसून होतं. आजचं हे पहिलं कार्ड. पाठ फिरवण्याआधी दिनानाथनं सहा हजार दोनशेचा आकडा टाकला होता आणि मशीन दोन्ही हातांनी पुढे केलं होतं, जसं काही बारशाचं बाळच.

बाळाजींनी कार्ड खोचलं. डाव्या हाताचा आडोसा बटणांवर धरला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेऊन मशीनवर तंबू केला. आतल्या अंधारात त्यांनी बोटाच्या अंदाजानं पिन टाकला.

मशीन ओरडलं.

"काय झाला?" दिनानाथनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"चुकीचा पिन, म्हणतंय."

"रेंजचा घोळ आसंल. परत टाका, साहेब."

बाळाजी पुन्हा तंबूत शिरले. या वेळी त्यांना आत जरा जास्त वेळ लागला. मशीन पुन्हा ओरडलं आणि पंच्यातून बाहेर आलेला चेहरा बघून सुचिताबाईंची पोफळींची मोजणी चुकली.

"एकच संधी राहिली," बाळाजी हळू आवाजात म्हणाले. "परत चुकलं तर कार्ड बंद."

"मग ऱ्हाऊ द्या की! घरला जाऊन पाठवा पैसे. आमी काय पळून जातो?" दिनानाथ म्हणाला. मग पळून जायचं असलं तर ते साहेबांनी जायचं, हे लक्षात येऊन त्यानं जीभ चावली.

बाळाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खुर्चीत बसले होते आणि बोटं मांडीवर एकेक करून टेकवत होते. पैशाची त्यांना काळजी नव्हती. सकाळीच त्यांनी पाऊण तास चष्मा शोधला होता आणि तो डोक्यावर निघाला होता. तेव्हा सगळे हसले, तेही हसले. पण त्यांच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग घराची वाट, आणि आता तो बाळाजींना 'आपण कुठले?' म्हणून विचारत असे. हजारो खातेदारांच्या सह्या तोंडपाठ असलेला माणूस स्वतःचे चार आकडे विसरला, याचा अर्थ बाळाजींच्या मते एकच होता. त्यांना मनापासून भीती वाटली.

"सुचिता," ते म्हणाले, "दादाचं सुरू झालं तेव्हा तो किती वर्षांचा होता गं?"

"काहीतरीच काय! तुम्हाला काही झालेलं नाही."

"चार आकडे, सुचिता. फक्त चार."

सोनूबाईला पिनाचं काही कळत नव्हतं, पण उतरलेला चेहरा कळत होता. ती चहा घेऊन आली. विषय बदलावा म्हणून म्हणाली, "अवो, वहिनींनी आमसुलांची पुडी घेतलीन हाय. तिचं पन्नास लावलंव का?"

"न्हाय गो. थांब, आकडा नव्यानं टाकतो." दिनानाथनं बटणं दाबली आणि मशीन डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. "हे काय इपरीत? सहा हजार दोनशे पन्नास टाकलं, तर ह्ये बासष्ट हजार पाचशे पन्नास दाखवतंय!"

"म्हणजे आमसुलांची पुडी छप्पन्न हजार तीनशे पन्नासला पडली," बाळाजी तत्क्षणी म्हणाले.

दिनानाथनं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. मग त्यानं एकेक बटण दाबून पाहिलं. दोन एकदाच उमटला, सहा एकदाच उमटला. पाच मात्र दाबला की जोडीनं येत होता. त्यानं जोर लावला तशी पाचाच्या बटणाखालून एक मुंगी बाहेर आली आणि शांतपणे आठावरून खाली उतरली.

दिनानाथनं बायकोकडे बघितलं. "सोनू, दसऱ्याला ह्याच्यावं काय ठेवलं व्हतंस?"

"ठेवनार काय? हळदकुंकू वाह्यलं, गूळखोबरं ठेवलं. कोयत्याला ठेवलं, मिक्सरला ठेवलं, मंग ह्याला एकट्याला उपाशी ठेवू?"

"अगो, पन बटनावर?"

"त्याचं तोंड कुठं हाय, मला काय म्हायती? म्हनून मधोमध ठेवलं!"

मधोमध पाच असतो. गूळ उकाड्यानं पाघळून आत उतरला होता. सोनूबाईनं देवघरातून कापसाची वात आणली, कोमट पाण्यात बुडवून पिळली आणि नैवेद्य निगुतीनं पुसून काढला. पाच सुटा झाला.

आता सगळे बाळाजींकडे बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आशा उगवली होती, पण हात मशीनकडे जात नव्हता.

"साहेब, तुमच्या पिनात पाच हाय का?" दिनानाथनं विचारलं.

"ते सांगता येणार नाही. गुप्त असतं."

"मग टाका बिनघोर."

"आणि मशीन बरोबर असून मीच चुकलेला असलो तर?" बाळाजींचा आवाज बारीक झाला. "शेवटची संधी आहे. पडताळून बघायला दुसऱ्या कुणाला ठाऊकही नाही."

सुचिताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"एकवीस त्रेपन्न," त्या म्हणाल्या.

बाळाजींचा पंचा खांद्यावरून घसरला.

"तुला... तुला कसा कळला?"

"आपल्या स्कूटरचा नंबर नाही का? लग्न झाल्यावर पहिल्यांदा मागं बसवून पेणला घेऊन गेलात, तेव्हाच पाठ केला होता. गर्दीत हरवले तर स्कूटरपाशी येऊन उभी राहीन म्हणून. तुम्ही दुसरा कुठला पिन ठेवणार?"

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही पाठ फिरवायला सांगायचात. मी फिरवत होते."

बाळाजींनी काही क्षण बायकोकडे पाहिलं. मग पंचा न घेता, आडोसा न धरता, सगळ्यांच्या देखत एकवीस त्रेपन्न टाकला. मशीननं जरा विचार केला आणि कर्रकर्र करत पावती बाहेर सोडली. दिनानाथनं ती कपाळाला लावली. बाळाजी इतके मोठ्यानं हसले की वाडीतलं मांजर विहिरीवरून उठून गेलं. डोकं शाबूत होतं! त्यांनी त्या आनंदात आमसुलांच्या आणखी चार पुड्या घेतल्या.

निघताना मात्र बँक पुन्हा अंगात आली. "पिन बदलावा लागेल. तिघांना कळला."

"आमी इसरलो, साहेब," दिनानाथ म्हणाला.

"मी न्हाय इसरनार," सोनूबाई प्रामाणिकपणे म्हणाली.

दिघीच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीच्या रांगेत लागेपर्यंत बाळाजी मनातल्या मनात आकडे जुळवत होते. ओठ हलत होते. नवा नंबर असा हवा होता, जो कुणाच्या ध्यानीमनी येणार नाही आणि आपण कधी विसरणार नाही. बराच विचार केल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी काच वर केली, आजूबाजूला पाहिलं आणि बायकोच्या कानाशी वाकून विचारलं,

"अगं, आपल्या लग्नाची तारीख काय?"

"बारा मे. कशाला हवी?"

"ते सांगता येणार नाही," बाळाजी म्हणाले. "गुप्त आहे."

सुचिताबाईंनी मान वळवली आणि त्या खाडीकडे बघत बसल्या.