परत ठेवलेली खुर्ची

दर बाजाराच्या दिवशी बाबाराव घरातली वेताची खुर्ची उचलून फाटकापर्यंत नेतात, क्षणभर घुटमळतात आणि ती पुन्हा ओसरीवर आणून ठेवतात. दारव्ह्यात काही जण सांगतात, गिऱ्हाईक मिळत नाही. काही म्हणतात, ढेकूण झटकायला नेतात. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या आहेत. मी त्यांच्यासोबत एकाच शाळेत शिकवले आहे, माझे ऐकावे.

मी गणित शिकवीत असे, ते संगणक. भागाकारावरून आमचे कायम वाजे. "गुरुजी, मशीनले पाढे येत नाईत," येरझारा घालत ते म्हणत. "ते नुसता भाजक काढून पाह्यते. पुरलं त एक लिहिते. उणं गेलं त काढलेलं परत ठेवते, शून्य लिहिते, अन् पुढचा अंक खाली वढते."

अकराला तीनने भागण्यासाठी त्यांनी एकदा चार मुले रांगेत लावली: पहिला उभा, दुसरा बसलेला, शेवटचे दोघे उभे. उभा म्हणजे एक, बसलेला म्हणजे शून्य; मशीनच्या दोनच अंकांच्या लिपीत १०११ म्हणजे अकरा. डावीकडून एकेकाला ओढून घेत, हाती आलेल्यातून तीन निघतात का, हे पाहण्यात तास संपला. उत्तर तीन, बाकी दोन. ते मी पाढ्याने केव्हाच सांगितले होते, याची नोंद असावी.

पुढे हा रोग वर्गाबाहेर पसरला. यवतमाळच्या जीपचे दार लागेना, तेव्हा त्यांनी मलाच खाली उतरवले. "काढून पाहू." दार तरीही लागेना. "शून्य! गुरुजी, बसा परत." दारात त्यांचीच पिशवी अडकली होती.

खुर्ची शांतावहिनींची, बाबारावांच्या पत्नीची. त्या गेल्यापासून बाबाराव घरात टेकत नाहीत, जेवतातही उभ्याने. ती रिकामी खुर्ची वाचनालयाला देऊन टाकीन, असा शब्द त्यांनी मुलीला दिला आहे.

मागे एका बाजाराला मी ठणकावले, "आज देऊनच येऊ." दुसरी बाजू मी धरली. फाटकाशी त्यांनी वळून ओसरीकडे पाहिले आणि ते थांबले.

"आता काय झाले?"

"उणं जाऊन राह्यलं, गुरुजी."

"मग शून्य लिहा," मी म्हणालो आणि मागे फिरलो.

आता गाव म्हणते, दोन म्हातारे मिळून खुर्ची नेतात. साफ चूक. तो एक दिवस सोडला तर नेतात ते एकटेच; मी फक्त परत ठेवताना हात लावतो.