आबा पाडकामाला बसतात

लोक कीर्तनाला बसतात, पंगतीला बसतात, उपोषणाला बसतात. आमचे भिकाआबा पाडकामाला बसायचे.

म्हणजे असं. सुरतेच्या जुन्या बंदराच्या अंगाला, तापीच्या काठावरच्या कुठल्याही गल्लीत घर पाडायचं असलं की जेसीबी यायच्या अर्धा तास आधी आबा हजर. काखेत लोखंडी घडीची खुर्ची. ती कधीकाळी कुठल्या तरी मंडपवाल्याची. पाठीवर लाल रंगात ‘मंडप सर्विस’ एवढीच अक्षरं उरलेली. आबांचा पोशाखही तसाच, धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी. नवख्या माणसाला वाटायचं, इथं लग्न आहे आणि वऱ्हाड मागनं येतंय.

खुर्ची उघडायची, फडक्यानं पुसायची, बसायचं. मग चपला काढून जोडीनं बाजूला ठेवायच्या आणि उघडे पाय जमिनीला टेकवायचे. घर पडेपर्यंत चहा नाही, तंबाखू नाही, बोलणं नाही. शेवटची भिंत बसली की आबा मान हलवायचे आणि मार्क द्यायचे. दहापैकी.

“सहा,” आबा म्हणायचे. “चुलीकडली भिंत आधी घेतली. ती शेवटाले घ्यायची असती. अक्कल नही.”

जेसीबी चालवणारेही त्यांना मानायला लागले होते. काम संपलं की केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारायचे, “काका, केटला?” किती, म्हणून. एकाला नऊ मिळाले तर तो पठ्ठ्या जाऊन आबांसाठी नाश्त्याला गरम लोचो घेऊन आला. आबांनी पुडी घेतली, पण उघडली नाही. म्हणाले, “आंघोळीनंतर.”

आता खरी गंमत अशी, की पाडकामाचा तो धडधडाट आबांना ऐकूच येत नव्हता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला आमच्या सुरतेत ‘खाता’ म्हणतात. खात्यावर उभी हयात काढलेल्या माणसाचे कान त्याच्याआधीच निवृत्त होतात. आबा खानदेशातून, शिरपूरकडून आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. तेव्हापासून लूमचा खडखडाट ऐकून ऐकून ते बहिरे झालेले; त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सभेत बोलल्यासारखं बोलावं लागे. मी एकदा ओरडून विचारलं, “आबा, ऐकू येत नाही तर मार्क कशावरनं देता?”

“पायले कयस,” आबा म्हणाले. पायाला कळतं. कितव्या झटक्याला भिंत सुटली, छत सरळ बसलं की लटकत राहिलं, सगळं म्हणे जमिनीतून पायात येतं.

आता मी कोण, तेही सांगून टाकते. मी लिंबायतची, सुरतेतल्या मराठी वस्तीतली. बाप लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवते, आणि मी बंदर बचाव समितीची पत्रकं लिहिते. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्हींत. उद्गारचिन्ह तिन्ही भाषांत सारखंच असतं, त्याचा फार उपयोग होतो.

आणि लिहिण्यासारखं होतं हो! सरकारी योजना अशी, की जुन्या बंदराला म्हणे नवं रूप द्यायचं. नदीकाठी फरशीचा रस्ता, त्यावर जुन्या धाटणीचे नवे दिवे, आणि जिथं एके काळी खरी गलबतं लागायची तिथं गलबताच्या आकाराचं हॉटेल. त्यासाठी गल्ल्या रिकाम्या करायच्या. तिथल्या माणसांना शहराबाहेर, कामरेजच्याही पुढं चौथ्या मजल्यावर खोल्या. ज्या बाया नदीवर धुणं धुवायच्या त्यांनी तिथं काय लिफ्टमध्ये धुवायचं? हे वाक्य माझंच. तिसऱ्या पत्रकात होतं, गाजलं होतं.

तर आम्ही घोषणा देऊन घसा फोडतोय, आणि आमच्या आणि जेसीबीच्या मधोमध हा म्हातारा खुर्ची टाकून बसलाय. मार्क देतोय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “आबा, लोकांची घरं जातायत आणि तुम्ही तमाशा बघता?”

आबांनी मला हातानं बाजूला सारलं, कारण मी नेमकी भिंतीच्या आड येत होते. “बठ व माय,” ते म्हणाले. “उभं राहू नको. बरं दिसत नही.”

बरं दिसत नही! मी संतापानं घरी आले आणि तडक लिहायला बसले.

पत्रकाचं शीर्षक होतं, ‘गरिबाचं घर पडताना टाळ्या कोण वाजवतं?’ आत लिहिलं होतं, की काही लोक पाडकामाला खुर्ची टाकून बसतात, पाडणाऱ्यांना शाबासकी देतात, त्यांच्या हातचं खातात. अशांना ओळखा! अशांना गल्लीत पाय ठेवू देऊ नका! मी नाव घातलं नव्हतं. नाव घालायचं नाही, हा आमचा नियम आहे. मी फक्त कोपऱ्यात एका घडीच्या खुर्चीचं चित्र घातलं होतं.

आणि आबांनी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हे मला लिहितानाच माहीत होतं. पण ‘मार्क कोण देतं’ असं शीर्षक बसत नव्हतं. ‘टाळ्या’ बसत होतं.

पत्रक चाललं. इतकं चाललं की दुसऱ्यांदा छापावं लागलं. पुढच्या पाडकामाला आबा खुर्ची घेऊन आले तर गल्लीच्या तोंडाशीच चारपाच जण आडवे झाले. “योजनेचा माणूस आला,” कुणीतरी म्हणालं. “काका, घेर जाव!” घरी जा, म्हणून. कुणीतरी खुर्ची ओढली, तिचा एक पाय वाकला. आबांना शब्द ऐकू आले नसतील, पण तोंडं दिसत होती. त्यांनी खुर्ची घडी केली, ती नीट मिटेना, ती तशीच अर्धवट उघडी काखेत धरली आणि ते गेले. मी तिथं होते. मी शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, “पाहिलंस? पत्रकाची ताकद.”

हे वाक्य मला अजून अंथरुणात उठवून बसवतं.

कारण दोन दिवसांनी कमुबेन मला शोधत समितीच्या खोलीवर आल्या. त्या दिवशी पडलं ते घर त्यांचं. विधवा बाई, पापड लाटून संसार केलेला. मला वाटलं, आभार मानायला आल्या. त्यांनी पिशवीतून माझं पत्रक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“हे तू लिहिलं?”

मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं.

“काकाला मी बोलावलं होतं,” कमुबेन म्हणाल्या. “आदल्या सांजे ते आले होते. दरेक घरी येतात. हात जोडून विचारतात, बेन, उद्या मी बसू का? कारण घरवाल्यांना बघवत नाही, ते सामान घेऊन आधीच निघून जातात. मी म्हटलं, हा काका, तमे बेसजो. मला नाही जमणार, तुम्ही बसा.” मग त्यांनी पत्रक माझ्याकडं सरकवलं. “तुझ्या कागदानं त्यांना हाकललं. मारुं घर एकलुं गयुं.”

माझं घर एकटं गेलं.

मी पत्रकं लिहिते, त्यामुळे मला वाटायचं मला सगळं दिसतं. मला काय काय दिसलं होतं ते सांगते. पाडकामाहून परतल्यावर आबा दाराबाहेरच बादली घेऊन अंगावर पाणी घ्यायचे, मग घरात शिरायचे. मला वाटायचं, धुळीमुळे. आणि वाटेत नाक्यावरच्या कडुलिंबाचा एक डहाळा मोडून पानं चावत यायचे. मला वाटायचं, शुगर असेल. आमच्या घरातून आजोबांना नेलं तेव्हा मी स्वतः दाराशी कडुलिंबाची पानं घेऊन उभी होते. माणूस पोहोचवून आलेल्या प्रत्येकाला चावायला देत होते. तरी मला कळलं नाही.

मी आबांकडे गेले. नदीच्या बाजूची एक खोली, दारावर योजनेचा लाल आकडा, म्हणजे हीही पाडायची. आबा जमिनीवर बसून खुर्चीचा पाय दगडानं ठोकून सरळ करत होते. मी माफी मागायला गेले होते, पण बहिऱ्या माणसाची माफी ओरडून मागावी लागते, आणि ओरडून मागितलेली माफी भांडणासारखी ऐकू येते. शेजारची बाई बाहेर येऊन म्हणाली, “काय गं, म्हाताऱ्याला आणखी किती बोलशील?”

आबांनी डब्याखालून माझं पत्रक काढलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. बोट ठेवून म्हणाले, “हाई टाळ्या नव्हत्या. बाकी अक्षर चांगलं शे.”

“आबा, ते छापलेलं आहे. अक्षर माझं नाही.”

“असू दे. चांगलं शे.”

मग मी विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. का बसता?

आबा खुर्चीचा पाय ठोकत राहिले. “तुनी आजी गई तव्हय मी खातावर व्हतू,” ते म्हणाले. त्यांची बायको ह्याच खोलीत गेली होती. दुपारची पाळी. निरोप खात्यावर आला, पण चालू लूम सोडून कोण बोलावणार? पाळी सुटल्यावर सांगितलं. तोवर झालं होतं. “दार लोटेल व्हतं. उशाशी कोनी बठेल नव्हतं.” आबांनी दगड खाली ठेवला. “माणूसना उशाशी बसतस. घरनं काय? घर का एकलं जाई?”

“आणि मार्क?”

“तरास कितला व्हयना त्याना,” आबा म्हणाले. दहा म्हणजे घराला त्रासच झाला नाही. एका झटक्यात गेलं. दहा अजून कुणाला दिले नव्हते.

मी दुरुस्तीचं पत्रक काढलं. ‘आमची चूक झाली’ असं शीर्षक दिलं, उद्गारचिन्हाशिवाय. पहिलं पत्रक लोकांनी घडी करून खिशात ठेवलं होतं; दुसऱ्यावर शेंगदाणे खाल्ले. गल्लीत एकदा माणसाचं नाव पडलं की पडलं. चहावाला आबांना चहा द्यायचा, पण कप बाकाच्या टोकाला ठेवून जायचा.

आणि आबांच्या खोलीचा दिवस ठरला. गुरुवार.

मला वाटलं होतं कुणीतरी येईल. ज्यांच्या घरांना आबा बसले होते ते बहुतेक कामरेजपलीकडे गेलेले. जे उरले होते ते माझ्या पत्रकाचे वाचक. ते आपापल्या दारात उभे होते, हाताची घडी घालून. एकही पुढं आला नाही. मी गेले तेव्हा आबांनी गाठोडी हातगाडीवर बांधून ठेवली होती. सदरा धुतलेला, टोपी डोक्यावर. खुर्ची उघडून, पुसून, दारासमोर बरोबर मांडलेली. एक पाय किंचित तिरका.

मला वाटलं, ते बसतील. त्यांनी माझा दंड धरला आणि मला खुर्चीत बसवलं.

“तू बठ,” ते म्हणाले. “माले नही जमनार.”

आणि ते पाठ फिरवून नाक्यावरच्या चहाच्या बाकाकडे चालत गेले.

मी बसले. आजवर मी पाडकामाच्या विरुद्ध कितीदा उभी राहिले असेन, पण बसून एकही पाडकाम पाहिलं नव्हतं. उभं असताना आपण घोषणा देतो, पोलीस बघतो, फोटो नीट येतोय ना बघतो. बसलं की घर दिसतं. फडताळाचा निळा रंग दिसला. भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग दिसला, तो चटईच्या उंचीवर होता, म्हणजे तिथं कुणीतरी पडून असायचं. जेसीबीवाल्याला मी ओरडून सांगितलं, चुलीकडची भिंत शेवटी. त्यानं मान हलवली. त्याला माहीत होतं, कुणाचं घर आहे ते.

सगळं सावकाश, अदबीनं चाललं होतं. आणि मग चुलीची भिंतच अडली. पहिल्या झटक्याला नुसती तडकली. दुसऱ्याला अर्धी आली आणि उरलेली अर्धी, धुरानं काळी झालेली, एका सळईला धरून लोंबकळत राहिली. चालवणाऱ्यानं मशीन मागं घेतलं, पुन्हा पुढं घेतलं. तिसऱ्याला खुर्ची माझ्याखाली थरथरली आणि भिंत गेली.

त्यानं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. तोंड उघडलं, मला पाहिलं, आणि काही न विचारता डोकं आत घेतलं.

मी खुर्ची घडी करून नाक्यावर गेले. आबा बाकावर नदीकडे तोंड करून बसले होते. कपातला चहा तसाच, साय धरलेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“कसं गयं?” त्यांनी विचारलं. “तरास व्हयना का?”

आजवर मी कागदावर बरंच खोटं लिहिलं असेल, पण कुणाच्या तोंडावर कधी बोलले नव्हते. “नाही आबा,” मी त्यांच्या कानाशी ओरडले. “एका झटक्यात गेलं. दहापैकी दहा.”

आबांनी सावकाश मान हलवली. “दहा,” ते म्हणाले. “चांगलं व्हयनं.”

मग त्यांनी हातातला कडुलिंबाचा डहाळा मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. तो घ्यायला मी वाकले, तेव्हा मला बाकाखाली त्यांच्या चपला दिसल्या. जोडीनं, बाजूला काढून ठेवलेल्या. आणि आबांचे दोन्ही पाय उघडे, जमिनीला घट्ट टेकवलेले.