रहीमचाचांच्या टाकीवरचा उजेड

रहीमचाचांच्या घरी गेलं की पाणी विचारायच्या आधी ते तुमच्या डोक्यावर मीटर धरत. फोटोवाले उजेड मोजायला वापरायचे ते जुनं मीटर, एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं. काटा पाहायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्यावर बी उजेड कमीच पडून राह्यला." सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला असं तोंडावर सांगणं बरं दिसतं का, सांगा.

अकोल्यात आमची भिंतीला भिंत. चाचांचा धंदा शेतातल्या मोटरी रिवाइंड करायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. त्या वर्षांत विहिरी आटल्या तसं त्यांचं दुकानही आटलं. आणि या माणसाने बैठकीत समुद्र पाळला होता! काचेची लांबलचक टाकी, तीत खारं पाणी, आणि दगडांवर चिकटलेली कोरलं, म्हणजे प्रवाळ. आमच्याकडून समुद्र पाहायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. चाचांनी तो कधी पाहिलाही नव्हता.

"चाचा, हा दगडच आहे ना?" मी एकदा विचारलं.

"जीव हाये त्याले. उजेड खाते थो."

"मग मे महिन्यात अंगणात ठेवा. पोटभर खाईल."

चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरातला एकुलता एक कूलर टाकीसमोर, आणि चाची बिचारी हातपंख्याने वारा घेत बसलेली.

"उजेड पडला पायजे, सांडला नाही पायजे," हे त्यांचं पालुपद. माझ्या मुलीच्या लग्नात मीटर घेऊन ते मांडवभर फिरले आणि मांडववाल्याला म्हणाले, "नवरदेवावर लय पडून राह्यला, नवरी अंधारात हाये. कवरेजच नाही तुह्या लायटीले." त्याने घाबरून हॅलोजन वळवला. अल्बममध्ये माझी मुलगी एकूण एक फोटोत डोळे मिटून आहे. अजून चाचांचं नाव काढते.

खरं म्हणजे टाकी चाचांची नव्हतीच. ती त्यांच्या इम्रानची. बारावीला त्याला दोन दोन क्लास लावले होते, वरून पहाटे चाचा स्वतः समोर बसत. पोरगा नापास झाला आणि मुंबईला रंगीत माशांच्या दुकानात कामाला लागला. एका ईदला तो ही टाकी घेऊन आला आणि चार दिवस खपून त्याने ती लावली. चाचा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "याच्यासाठी शिकवलं का तुले? काचेत चिखल भराले?"

इम्रान त्याच संध्याकाळी गेला. त्यानंतर आला नाही, बापाचा फोनही उचलला नाही. टाकीसाठी लागणारं मीठ मात्र मुंबईहून कुरिअरने यायचं. सोबत चिठ्ठी नसायची. चाचा रिकामा खोका उलटा करून झटकून पाहायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो.

"थो येईन तवा हे जितं दिसलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते मीठ मोजायचे, पाणी बदलायचे, उजेडासाठी जीव टाकायचे.

मग त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं. कोरलला रोज आठ-नऊ तास दिवा लागतो, आणि लाइन राहायची जेमतेम निम्मा वेळ. चाचांनी मोटरवाल्याचं डोकं लढवलं. "मास्तर, लाइन कमी झाली तं शेतकरी काय करते? पाच एचपीच्या जागी दहाची मोटर बसवते. अर्ध्या वेळात तेवढंच पाणी ओढते." म्हणून त्यांनी दिवे दुप्पट केले आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर आणून टांगले. मी म्हटलं, हिशेब बरोबर आहे. गणिताचा मास्तर ना मी!

आठ दिवसांत रंग उडाले. हिरवी, तपकिरी कोरलं सरकी काढलेल्या कापसासारखी पांढरी पडली.

चाचा फरशीवर बसून होते. "उजेड तं तेवढाच देल्ला होता न, मास्तर."

मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्यांना टाकीतल्या पाइपामागे, अगदी टोकाला, एक लहानसं कोरल दिसलं. तपकिरी, जसंच्या तसं. चाचांनी तिथे मीटर धरलं. काटा जागचा हलला नाही.

"इथं माहे दिवे पोचलेच नाही," ते म्हणाले. मग मीटर खाली ठेवून, "पोराचं बी मी हेच केलं, मास्तर. दोन क्लास, वरून मी. दूर गेला म्हनून वाचला." आणि ते रडायला लागले. मलाही रडू आलं, लपवून काय करू?

उठून त्यांनी सगळे दिवे काढले. "तुमच्या फोनवरून लावा त्याले. ये म्हनू नका. बापानं जाळलं म्हना. एक वाचलं, ते बी सांगा."

मी लावला, सगळं सांगितलं. इम्रानने आधी एकच विचारलं.

"दिवे किती उंच हायेत आता?"

"काढून टाकले त्यांनी."

"सगळे? सर, मंग ते एक बी मरते. एक दिवा लावा म्हना, दोन हात वर. दुरूनच, पन लावा."

"अब्बांना फोन देऊ?"

"नको सर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चाचा स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. दोन हात मोजून त्यांनी एक दिवा छताच्या हुकाला बांधला. लाइन नव्हती. खाली उतरून ते म्हणाले, "फोन बंद नका ठेवजा, मास्तर. वाचलं का म्हनून त्यानं इचारलं तं?"

तेव्हापासून मी वर्गातसुद्धा फोन चालू ठेवायचो. हेडमास्तर दोनदा बोलले. ते कोरल तर वाचलं, चाचा रोज शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन मला तेवढं सांगून जायचे. इम्रानचा फोन मात्र आला नाही.